देवालय, भूमी आणि राजवाडा : धार्मिक मूर्तींच्या तीन स्थानांविषयी

अमरावतीच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर भातकुली हे तालुक्याचे गाव आहे. दिगंबर जैन समाजात ते 'अतिशय क्षेत्र' म्हणून मान्यता पावलेले असून तेथील आदिनाथांच्या मंदिरात दूरदूरचे यात्रेकरू दर्शनास येतात. प्राचीन भूगोलाच्या अभ्यासकांस मात्र हे गाव आणखी एका कारणाने परिचित आहे. वाकाटक नृपती द्वितीय प्रवरसेन याच्या राज्यवर्ष १८ मधील चम्मक ताम्रपटात 'भोजकट राज्या'चा उल्लेख येतो. अचलपुराजवळील आजचे चम्मक, म्हणजे त्या ताम्रपटातील चर्मांक ग्राम, या विभागात मोडत असे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी प्रभृती संशोधकांनी भोजकट म्हणजेच भातकुली असे समीकरण मांडले आहे. कौंडिण्यपुराहून श्रीकृष्णाचा पाठलाग करीत निघालेला आणि पराभूत झाल्यावर स्वनगरी परत न जाता भोजकट येथेच राहिलेला रुक्मी, ही महाभारत-हरिवंशातील कथाही परंपरेने याच गावाशी जोडलेली आहे.

अशा रीतीने भातकुलीच्या ठिकाणी लेख, कथा आणि जिवंत उपासना अशा तीन प्रकारच्या साक्षी एकत्र आल्या आहेत. तथापि प्रस्तुत लेखाचा विषय भातकुलीचा इतिहास हा नाही. धार्मिक कलेचे संग्रहालय पाहावयास जाणाऱ्या अभ्यासकाने तेथे नेमके काय पाहावे, या प्रश्नाचे विवेचन करण्याचा येथे हेतू आहे. आणि त्यासाठी मूर्ती प्रथम देवालयात, मग भूमीत आणि शेवटी संग्रहालयात कशी असते, हे क्रमाने पाहणे सोयीचे होईल. यांपैकी पहिल्या अवस्थेचे उदाहरण भातकुलीचे मंदिर होय. दुसऱ्या अवस्थेचे उदाहरण अकोला जिल्ह्यातील राजनापूर खिनखिनी येथे मिळते. तिसऱ्या अवस्थेचे सर्वांत बोधप्रद उदाहरण मात्र वऱ्हाडाबाहेर, एका मराठी राजघराण्याच्या जुन्या राजवाड्यात, म्हणजे तंजावर येथे पाहावयास सापडते.

देवालयातील मूर्ती

पूजेत असलेली मूर्ती ही 'पाहण्याची वस्तू' नसते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. भातकुलीस येणारा यात्रेकरू आदिनाथांसमोर उभा राहतो तो दर्शनासाठी, निरीक्षणासाठी नव्हे. मूर्तीचा काळ कोणता, पाषाण कोणत्या खाणीतला, केशरचनेची पद्धत कोणत्या शतकातली, हे प्रश्न त्याच्या मनात येत नाहीत आणि येण्याचे कारणही नाही. मूर्तीचा अर्थ त्याला अभिषेक, पूजा, स्तोत्र व यात्रा यांच्या योगे आधीच प्राप्त झालेला असतो.

या अवस्थेत मूर्तीची हानी होते असे कित्येकदा म्हटले जाते. जल, दूध, चंदन यांच्या नित्य अभिषेकाने आणि पुसण्याने मूर्तीचे नाक, डोळे, बोटे झिजतात हे खरे आहे. परंतु ही झीज म्हणजेही एक साक्षच होय. शतकानुशतके मूर्ती अखंड पूजेत होती, ही गोष्ट झिजलेल्या चेहऱ्यावरून जितकी स्पष्ट होते तितकी कोणत्याही लेखावरून होत नाही. याउलट ज्या मूर्तीची नक्षी कालच कोरल्यासारखी टवटवीत दिसते, ती फार काळ पूजेत नसावी, किंवा मध्येच केव्हातरी जमिनीत गेली असावी, असा तर्क करावा लागतो.

येथे दिगंबर मूर्तीचा एक विशेषही लक्षात ठेवण्याजोगा आहे. तिला वस्त्र नाही, अलंकार नाही. पूजेच्या वेळी भक्ताला जी आकृती दिसते तीच संग्रहालयात प्रेक्षकाला दिसते. पुढे तंजावरच्या धातुमूर्तींचा विचार करताना हा भेद फार महत्त्वाचा ठरणार आहे.

भूमीतील मूर्ती

मूर्तिजापूर तालुक्यातील राजनापूर खिनखिनी येथे जमिनीत पूर्वमध्ययुगीन जैन धातुमूर्तींचा एक समूह सापडला. विदर्भातील जैन कलेच्या इतिहासात त्याचे स्थान फार मोठे आहे. आज हा समूह नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. १८६३ मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय नागपूरकरांच्या तोंडी 'अजब बंगला' या नावाने रूढ आहे.

मूर्ती जमिनीत का जातात? धातुमूर्ती हलविता येतात आणि वितळविताही येतात. म्हणून लुटीचे अथवा अस्थिरतेचे भय निर्माण झाले की त्या पुरून ठेवण्याचा मार्ग पुजारी व श्रावक अवलंबीत. काही वेळा पुरणारे परत येत आणि मूर्ती पुन्हा देवालयात जात. काही वेळा परत येणारे कोणी उरतच नसे. नांगराच्या फाळाला अगर पाया खणणाऱ्याच्या कुदळीला लागून शतकांनंतर जो समूह वर येतो, तो बहुधा या दुसऱ्या प्रकारातला असतो.

अशा समूहाचे मोल त्यातील सुट्या मूर्तींच्या मोलाच्या बेरजेहून पुष्कळच अधिक असते. एकत्र पुरलेल्या मूर्ती वेगवेगळ्या शतकांतल्या असू शकतात, पण त्या एका समाजाच्या हाती एका क्षणी होत्या, एवढे निश्चित ठरते. कोणते तीर्थंकर, कोणत्या यक्षी, कोणत्या आकाराच्या मूर्ती, घरगुती पूजेच्या की मंदिरातल्या, यावरून त्या समाजाच्या उपासनेचे चित्र उभे करता येते. समूह फुटला, काही मूर्ती एकीकडे व काही दुसरीकडे गेल्या, की हे चित्र कायमचे नाहीसे होते.

अकोला जिल्ह्यातली वस्तू नागपुरास का गेली, याचे उत्तर प्रशासनाच्या इतिहासात आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. राजधानी नागपूर होती. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक किमतीचा, जमिनीत दडलेला ठेवा सापडल्यास त्याची वर्दी कलेक्टरास देणे बंधनकारक होते आणि असा ठेवा मोबदला देऊन सरकारला घेता येत असे. अशा स्थितीत प्रांताच्या ठेव्यांचा ओघ प्रांताच्या मुख्य संग्रहालयाकडे वळावा हे ओघानेच आले. समूह सुरक्षित राहिला आणि अभ्यासकांस उपलब्ध झाला, हा त्यातील लाभ निर्विवाद आहे. पण ज्या गावाच्या मातीतून तो वर आला, त्या गावातील विद्यार्थ्याला तो पाहण्यासाठी नागपूर गाठावे लागते, ही दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. हा प्रश्न अपरिहार्य होता काय? याच कायद्याखाली, याच प्रकारच्या वस्तूंच्या बाबतीत, दक्षिणेतील एका जिल्ह्याने निराळा मार्ग स्वीकारला. म्हणून आता तंजावरकडे वळणे इष्ट होईल.

राजवाड्यातील मूर्ती

तंजावरचा राजवाडा नायक राजांनी उभारावयास प्रारंभ केला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावर हस्तगत केल्यावर भोसले घराण्याने त्यात वास्तव्य केले व भर घातली. १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीच्या निधनानंतर औरस पुत्राच्या अभावी इंग्रजांनी राज्य खालसा केले. राजवाडा मात्र राहिला. मराठी वाचकास या वास्तूचा परिचय मुख्यत्वे सरस्वती महाल ग्रंथालयामुळे असतो. दुसऱ्या सरफोजीने (कारकीर्द १७९८ ते १८३२) वाढविलेला हा संग्रह १९१८ मध्ये सार्वजनिक झाला. तेथील मोडी कागदपत्रांची आणि मराठी नाटकांची चर्चा मराठीत पुष्कळ झाली आहे. त्याच राजवाड्याच्या दुसऱ्या भागातील कलादालनाकडे मात्र मराठी अभ्यासकांचे लक्ष तितकेसे गेलेले नाही.

हे कलादालन १९५१ च्या डिसेंबरात सुरू झाले. त्याच्या स्थापनेचे निमित्त विचार करण्याजोगे आहे. तंजावरलगतच्या करंदै येथे ब्रह्मदेवाची एक मूर्ती उपेक्षित स्थितीत होती. ती कलकत्त्याच्या संग्रहालयासाठी न्यावी अशी मागणी झाली. स्थानिक लोकांनी तीस विरोध केला. आणि तत्कालीन जिल्हाधिकाऱ्यांनी मूर्ती बाहेर न पाठविता, जिल्ह्यातील अशा वस्तूंसाठी राजवाड्यातच जागा उपलब्ध करून दिली. म्हणजे हे संग्रहालय एखाद्या संग्राहकाच्या छंदातून अथवा राजाच्या वैभवप्रदर्शनातून निर्माण झाले नाही. 'आमच्या प्रदेशातील मूर्ती आमच्या प्रदेशातच राहावी' या आग्रहातून ते जन्मास आले.

मोकळा राजवाडा संग्रहालयास योग्य ठरतो याची कारणे केवळ सोयीची नाहीत. जाड भिंती, उंच छत आणि मोठी दालने यांमुळे अवजड पाषाणमूर्तींना जागा मिळते हे खरेच. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, अशी वास्तू देवकार्याला परकी नसते. कलादालनाच्या एका भागाचे नाव आजही 'पूजा महाल' असे आहे. नायकांच्या दरबार सभागृहात इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याने घडविलेला सरफोजीचा शुभ्र संगमरवरी पुतळा आहे. त्यात राजा हात जोडून उभा आहे. राजा हा देवतांचा प्रथम सेवक, ही जुनी कल्पना ज्या समाजात रूढ होती, तेथे राजाच्या घरी देवतांनी आश्रयास यावे यात लोकांना विसंगती वाटली नाही. याच भोसले घराण्याने आपला वंशेतिहास १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरून ठेवला, हेही येथे स्मरणीय आहे. देवालय आणि राजवाडा यांच्यामधले अंतर तंजावरात नेहमीच अल्प होते.

जे दिसते आणि जे दिसत नाही

कलादालनाची कीर्ती मुख्यतः चोळकालीन धातुमूर्तींवर अधिष्ठित आहे. त्यांतही तिरुवेंगाडू येथील शिव व पार्वती यांचे युग्म अग्रगण्य मानले जाते. तिरुवेंगाडू हे गाव त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यात होते; आता ते मयिलाडुतुरै जिल्ह्यात येते. १९५० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत तेथे जमिनीत पुरलेला मूर्तींचा मोठा समूह हाती आला. गावच्या मंदिरातील शिलालेखांमुळे या युग्माचा काळ जवळजवळ निश्चित सांगता येतो. शिवाची मूर्ती पहिल्या राजराज चोळाच्या २६ व्या राज्यवर्षी, म्हणजे १०११ च्या सुमारास, आणि पार्वतीची त्यापुढील वर्षी प्रतिष्ठापित झाली. भारतीय धातुशिल्पात इतक्या नेमक्या कालनिर्देशाची उदाहरणे विरळा होत. अन्य मूर्तींचा काळ शैलीवरून ठरविताना हे युग्म मापदंडासारखे उपयोगी पडते ते याचमुळे.

या शिवमूर्तीसमोर उभे राहणाऱ्या प्रेक्षकाचे लक्ष प्रथम जटांच्या पागोट्याकडे जाते. सर्पवेष्टित जटा डोक्याभोवती गुंडाळलेल्या आहेत; एक पाय दुसऱ्यावर सहज आडवा टाकलेला आहे; आणि एक हात कशावर तरी विसावल्यासारखा बाजूला वाकलेला आहे. पण त्या हाताखाली काहीही नाही. हा शिव 'वृषभवाहन' आहे. त्याचा हात नंदीच्या पाठीवर टेकलेला होता आणि तो नंदी आज नाही. मूर्तीची सगळी ढब, शरीराचा कल, पायाची ठेवण ही त्या नसलेल्या नंदीच्या आधाराने सिद्ध झालेली आहे. हे न जाणणाऱ्या प्रेक्षकास हातातील लालित्य दिसेल, पण त्या लालित्याचे कारण दिसणार नाही.

धार्मिक कलेच्या संग्रहालयातील बहुतेक प्रत्येक वस्तूस हाच न्याय लागू करावा लागतो. चोळांच्या धातुमूर्ती मुख्यत्वे उत्सवमूर्ती होत. गर्भगृहातील पाषाणमूर्ती अचल असते. उत्सवाच्या दिवशी गावातून मिरविण्यासाठी ही दुसरी, चल मूर्ती घडवीत. मूर्तीच्या पीठाला असलेली छिद्रे आणि कड्या यांकडे प्रेक्षक बहुधा दुर्लक्ष करतो. पण मिरवणुकीचे दांडे अथवा दोर त्यांतून जात असत. मिरवणुकीत मूर्तीवर रेशमी वस्त्रे, पुष्पमाला व दागिने इतके असत की भाविकाला मुख आणि हात यांपलीकडे फारसे काही दिसत नसे. कंबरेचा बाक, गुडघ्याची गोलाई, पाठीवरून उतरलेल्या जटा, हे सर्व घडविणाऱ्या स्थपतीने परिपूर्ण केले. पण उत्सवात ते झाकलेलेच राहिले. आज संग्रहालयात प्रेक्षक जे पाहतो, ते त्या मूर्तीच्या मूळ भक्तांना क्वचितच दिसले असेल. आणि भक्तांनी जे पाहिले, ते आज कोणासही दिसत नाही.

भातकुलीच्या दिगंबर परंपरेशी येथे तुलना करून पाहावी. जैन मूर्ती संग्रहालयात आली तर तिचे रूप बदलत नाही. अभिषेक, स्तवन व समोरचा श्रावक यांना ती मुकते. चोळ मूर्ती संग्रहालयात आली तर तिचे रूपच बदलते. म्हणून 'संग्रहालयात मूर्ती निष्प्राण होते' असे सरसकट विधान करणे योग्य होणार नाही. प्रत्येक परंपरेत मूर्ती काय गमावते आणि काय उघड करते, याचा स्वतंत्रपणे शोध घ्यावा लागतो.

निर्मितीच्या तंत्राकडेही लक्ष वेधणे अवश्य आहे. मेणाची प्रतिकृती घडवून तिच्यावर मातीचे लेप द्यावयाचे, तापवून मेण वितळवून काढावयाचे आणि पोकळीत धातूचा रस ओतावयाचा, ही पद्धत प्राचीन ग्रंथांत मधूच्छिष्टविधान या नावाने परिचित आहे. मूर्ती बाहेर काढताना साचा फोडावा लागतो; त्यामुळे एका साच्यातून एकच मूर्ती निघते. चोळ मूर्ती भरीव ओतलेल्या असतात, म्हणूनच त्यांचे वजन इतके असते. कुंभकोणम्‌जवळ स्वामिमलै येथे स्थपतींची घराणी आजही या पद्धतीने काम करतात. संग्रहालय पाहून झाल्यावर त्या गावी जाणारा अभ्यासक दालनातील मूर्तींकडे दुसऱ्यांदा पाहताना निराळ्या दृष्टीने पाहतो.

नोंदीचे महत्त्व

तंजावरच्या उदाहरणातही समूह पूर्णतः एकत्र राहिला नाही. तिरुवेंगाडूच्या समूहातील अर्धनारीश्वर मद्रासच्या सरकारी संग्रहालयात आहे. भिक्षाटन तंजावरातच आहे. परंतु प्रत्येकाचे मूळ स्थान नोंदलेले असल्यामुळे कागदावर तरी समूह जुळविता येतो. नोंद नसती तर तेही शक्य झाले नसते.

नोंदीचे हे मोल पुढील दोन घटनांत न्यायासनासमोर आणि जगासमोर सिद्ध झाले. तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील पत्तूर येथे १९७६ मध्ये जमिनीत सापडलेला नटराज चोरट्या मार्गाने लंडनला पोहोचला. इंग्लंडमधील न्यायालयात त्याच्या मूळ स्थानाविषयी वाद झाला. तेव्हा मूर्तीला चिकटलेली माती व वाळवीच्या खुणा, तसेच त्याच ठिकाणी सापडलेल्या अन्य मूर्तींशी तिचे साम्य, यांचा पुरावा म्हणून उपयोग झाला. भारतीय विधीनुसार देवालयास कायदेशीर व्यक्तित्व असते, ही भूमिका मान्य होऊन १९९१ मध्ये नटराज परत आला. ज्याला संग्राहक 'मळ' समजून धुऊन टाकतो, तोच येथे साक्षीदार ठरला. दुसरी घटना श्रीपुरंदान येथील नटराजाची. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये विकत घेतलेली ही मूर्ती २०१४ मध्ये भारताला परत मिळाली. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने १९५६ पासून दक्षिणेतील मंदिरांची छायाचित्रे घेऊन जपून ठेवली आहेत. या संग्रहातील छायाचित्रामुळेच ती मूर्ती त्या मंदिरातली होती हे दाखविता आले.

या दोन्ही घटनांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. मूर्तीचे रक्षण कुलपाने होते त्याहून अधिक तिच्या नोंदीने होते. कुलूप तोडता येते. पण प्रकाशित झालेले छायाचित्र, माप आणि लेखवाचन चोराला परत घेता येत नाही.

वऱ्हाडापुढील कार्य

या विवेचनाचा वऱ्हाडाच्या दृष्टीने काय अर्थ होतो? भातकुलीसारख्या क्षेत्रातील पूजेत असलेल्या मूर्ती संग्रहालयात याव्यात, असे कोणीही सुचविणार नाही. त्यांचे स्थान देवालय हेच होय. परंतु त्यांची नोंद तेथून बाहेर येऊ शकते व आली पाहिजे. जैन धातुमूर्तींच्या व पाषाणमूर्तींच्या पीठांवर पुष्कळदा संवत, गण, प्रतिष्ठा करणाऱ्या भट्टारकांचे नाव आणि दात्याचे कुल कोरलेले असते. अशा मूर्तिलेखांच्या व हस्तलिखितांच्या आधारे विद्याधर जोहरापूरकर यांनी 'भट्टारक संप्रदाय' (१९५८) हा ग्रंथ सिद्ध केला आणि कारंजासारख्या वऱ्हाडातील पीठांचा इतिहास सुसंगत रीतीने मांडता येऊ लागला. पीठावरील दोन ओळी किती दूरचा इतिहास उजेडात आणू शकतात, याचा तो वस्तुपाठ आहे. पण अभिषेकाच्या पाण्याने मुखाप्रमाणे अक्षरेही झिजतात. जी आज वाचता येतात ती पुढील पिढीस वाचता येतीलच असे नाही.

ज्या मूर्ती देवालयाविना उरल्या आहेत, शेताच्या बांधावर, पडक्या गढीत अथवा पिंपळाच्या पारावर मांडून ठेवलेल्या आहेत, त्यांचा प्रश्न मात्र निराळा आहे. तेथे तंजावरचा धडा उपयोगी पडतो. प्रत्येक वस्तू राजधानीकडेच गेली पाहिजे असा नियम नाही; जिल्ह्यातील एखादी सुस्थितीतील जुनी वास्तूही संग्रहालयाचे कार्य उत्तम रीतीने करू शकते. मात्र त्यासाठी तीन गोष्टी अवश्य आहेत. मूर्ती कोठे, कोणत्या स्थितीत व कशाबरोबर सापडली याची नोंद असावी. एकत्र सापडलेला समूह शक्यतो फोडू नये. आणि मूर्तीशेजारच्या पट्टीवर देवतेचे नाव व शतक एवढेच न लिहिता ती पूजेत कशी होती, हेही लिहावे. हाताखालचा नंदी नाहीसा झाला आहे, हे एक वाक्य पट्टीवर असले की प्रेक्षकास तो रिकामा हात वाचता येतो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हे काम आवाक्याबाहेरचे नाही. त्यास उत्खननाची परवानगी लागत नाही की मोठा निधी लागत नाही. देवालयाच्या विश्वस्तांची अनुमती, अभिषेकाच्या वेळा सांभाळण्याइतका विवेक, मोजपट्टी, छायाचित्रणाचे साधन आणि देवनागरी व कन्नड लिप्यांच्या जुन्या वळणांचा परिचय एवढी सामग्री पुरेशी आहे. एका तालुक्यातील मंदिरांच्या मूर्तिलेखांची संपूर्ण सूची तयार झाली, तरी नागपूरच्या दालनात असलेल्या राजनापूर खिनखिनीच्या मूर्तींना त्यांच्या प्रदेशातील सोबती कागदावर तरी पुन्हा लाभतील. हे काम भातकुलीपासूनच आरंभावे.